जीप रँग्लर टीजे : मागचा ॲक्सल बदलावा, की आहे तोच ठेवावा?

खिंडीपलीकडे :

नमस्कार मंडळी. मी डेन्व्हरला राहतो आणि माझ्याकडे १९९९ सालची जीप रँग्लर आहे, म्हणजे टीजे पिढीतली. चार लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, पुढे डाना ३० आणि मागे डाना ३५ (डाना कंपनीचे) ॲक्सल, दोन्हींत क्राऊन-पिनियनचा, म्हणजे ॲक्सलमधल्या मोठ्या-लहान दातेरी चाकांचा, रेशो ३.०७. टायर सध्या ३१ इंची आहेत आणि लॉकर, म्हणजे दोन्ही चाकांना एकत्र फिरायला लावणारे कुलूप, कुठेच नाही. उन्हाळ्यात कोलोरॅडोतल्या सान वान डोंगरातल्या खिंडी आणि वसंतात-शरदात युटामधले मोॲब, असा आमचा नेम असतो. मोॲबच्या लाल वालुकाश्मावर ही गाडी जिथे एक चाक हवेत घेऊन थांबते, तिथे लॉकर असलेल्या गाड्या सहज वर जातात. त्यामुळे आता मागे लॉकर आणि ३३ इंची टायर घ्यावेत असे मनात आहे.

अडचण अशी की, ही गोष्ट बोलून दाखवली की प्रत्येक जण पहिला प्रश्न मागच्या ॲक्सलचा काढतो. माझ्यासमोर चार वाटा दिसतात : डाना ३५ तसाच ठेवून त्यात लॉकर बसवावा, त्याच हाऊसिंगमध्ये (ॲक्सलच्या बाहेरच्या कवचात) चाक फिरवणाऱ्या जाड शाफ्टचे किट घालावे, जुन्या फोर्ड एक्स्प्लोररचा ८.८ इंची ॲक्सल आणून बसवावा. किंवा टीजेचाच डाना ४४ शोधावा. माझ्याकडे ट्रेलर नाही. ज्या गाडीने मी खडकावर चढतो, त्याच गाडीने कुटुंबाला घेऊन साडेतीनशे मैल घरी परतायचे असते. ही बाब लक्षात घेऊन सल्ला द्यावा, ही विनंती.

सांधण :

आपण शेवटच्या वाक्यात लिहिलेली बाबच निर्णायक आहे, असे मला वाटते. मी कॅलिफोर्नियात आहे आणि माझ्या वायजे (टीजेच्या आधीच्या पिढीतल्या) जीपखाली एक्स्प्लोररचा ८.८ बसवलेला आहे, तेव्हा माझे मत कोणत्या बाजूला झुकते हे आधीच सांगून टाकतो.

डाना ३५ बद्दल रागावून बोलण्याची प्रथा पडली आहे, पण मूळ मुद्दा शांतपणे समजून घ्यावा. हा मुळात अमेरिकन मोटर्सचा हलका ॲक्सल. नंतर तो डानाकडे गेला. क्राऊन साधारण साडेसात इंचांचा, शाफ्टला २७ स्प्लाइन (टोकावरच्या लांबट खाचा), आणि हाऊसिंगच्या नळ्या बारीक. शहरात आणि मातीच्या रस्त्यावर त्याची काहीच तक्रार नसते. मात्र आपल्या गाडीतला शाफ्ट आत केवळ एका सी आकाराच्या क्लिपने धरलेला असतो. शाफ्ट क्लिपच्या बाहेरच्या बाजूला कुठेही तुटला, तर चाकाला हाऊसिंगमध्ये धरून ठेवणारे जवळजवळ काहीच उरत नाही आणि चाक, ड्रम व तुटलेला शाफ्ट असे सगळेच बाहेर सरकू लागते. खडकावर ताशी दोन मैलांनी जाताना हे झाले तर दिवस वाया जातो. पण अर्धवट तडा गेलेला शाफ्ट घेऊन आपण महामार्गाला लागलात आणि तो तिथे तुटला, तर काय होईल हे लिहायची गरज नाही. टीजेच्या डाना ४४ मध्ये शाफ्ट बाहेरच्या टोकाला बेअरिंग आणि बोल्टने आवळलेल्या पट्टीने धरलेला असतो, त्यामुळे शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते.

माझा सल्ला एवढाच, की डाना ३५ वर नवा पैसा घालू नये. त्यात बसवलेला लॉकर, त्यात बसवलेले क्राऊन-पिनियन, हे सगळे पुढच्या ॲक्सलला लागू पडत नाही आणि विकायला गेल्यास मातीमोल जाते.

माळरान :

सांधण यांच्याशी मी अर्धा सहमत आहे. डाना ३५ वर खर्च करू नये हे खरे. पण म्हणून तो लगेच काढून टाकावा, हे त्यातून निघत नाही. धागाकर्त्यांच्या गाडीत आज ३१ इंची टायर आहेत आणि डिफरन्शियल साधे आहे. या अवस्थेत तो ॲक्सल, चालवणारा समंजस असेल तर, वर्षानुवर्षे टिकतो. सान वानच्या खिंडींसाठी तर लॉकरची गरजच पडत नाही. इमोजिन खिंड १३,११४ फुटांवर आहे खरी, पण तिथला कस लागतो तो इंजिनाच्या दमाचा, ब्रेकचा आणि चालवणाऱ्याच्या मनाचा. मागच्या शाफ्टचा नव्हे.

दुसरे असे की मागचा ॲक्सल मजबूत केला म्हणजे गाडी मजबूत झाली असे होत नाही. ताण पुढच्या कमकुवत जागी सरकतो. आज शाफ्ट तुटतो तर उद्या प्रोपेलर शाफ्टचा (ॲक्सलपर्यंत जोर नेणाऱ्या लांब दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांध्याचा तुकडा, तुटेल, परवा पुढच्या डाना ३० चा. त्या क्रॉसची किंमत काहीच नसते आणि तो वाटेत बदलता येतो, हे मात्र मान्य केले पाहिजे. कोणता भाग तुटावा हे आपण ठरवू शकलो, तर स्वस्त आणि हाताशी येणारा भाग निवडावा.

त्या पैशात आधी एक चांगली विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) घ्यावी, असे मी सुचवेन. एक चाक हवेत गेले आणि गाडी अडली, तर दहा मिनिटांत विंचने पुढे काढता येते. विंचमुळे शाफ्टवर ताण येत नाही.

घन_व्यास :

मी पुण्यात वाहनांच्या सुट्या भागांच्या आरेखनाचे काम करतो. या गाड्या माझ्या रोजच्या कामातल्या नाहीत, पण गणित सगळीकडे सारखेच असते, म्हणून थोडा हिशेब मांडतो. आकडे ढोबळ आहेत, प्रमाण मात्र बोलके आहे.

गोल शाफ्टची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. डाना ३५ चा २७ स्प्लाइनचा शाफ्ट सुमारे १.१८ इंचांचा, डाना ४४ चा ३० स्प्लाइनचा १.३१ इंचांचा आणि एक्स्प्लोररच्या ८.८ चा ३१ स्प्लाइनचा १.३२ इंचांचा. डोळ्यांना हा फरक दिसतही नाही. पण घन केल्यावर डाना ४४ चा शाफ्ट सुमारे ३७ टक्के आणि ८.८ चा सुमारे ४० टक्के जास्त पीळ सोसतो. म्हणजे शाफ्टच्या बाबतीत या दोघांत निवडण्यासारखे काही नाही. फरक आहे तो क्राऊनचा व्यास आणि नळ्यांची जाडी यांत.

आता शाफ्टवर प्रत्यक्षात किती ताण येतो ते पाहू. १९९९ च्या चार लिटर इंजिनाचा टॉर्क सुमारे ३०० न्यूटन-मीटर. पहिला गिअर ३.८३, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीचा) लो रेशो २.७२ आणि ॲक्सलचा ३.०७; तिन्हींचा गुणाकार ३२ येतो. ३०० ला ३२ ने गुणले की ९,६०० न्यूटन-मीटर. शाफ्टची मर्यादा याच्या जवळपासही नाही. तरीही शाफ्ट टिकतो, कारण त्याआधी टायर घसरतो. म्हणून खरा प्रश्न इंजिन किती जोर लावते हा नसून टायर किती जोर धरून ठेवतो, हा आहे.

सामानासह भरलेली जीप १,८०० किलोची धरा. चढावर निम्म्याहून अधिक भार मागे येतो, पण आपण ९०० किलोच धरू. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क मिळतो. एक चाक हवेत गेले की ते फुकट फिरते, त्याला टॉर्क जवळजवळ लागतच नाही, आणि म्हणून दुसऱ्यालाही मिळत नाही. गाडी अडते, पण शाफ्ट वाचतो. लॉकर असेल तर उलट होते. जमिनीवरच्या एकट्या चाकावर सगळे ९०० किलो आणि सगळा टॉर्क येतो. कोरड्या वालुकाश्मावर घर्षणाचा गुणांक ०.८ धरला आणि ३३ इंची टायरची भाराखालची त्रिज्या ०.४० मीटर धरली, तर टायर घसरण्यापूर्वी सुमारे २,८०० न्यूटन-मीटर टॉर्क एकाच शाफ्टमधून जातो. ३१ इंची टायरला हाच आकडा सुमारे २,६०० येतो. पोलादाची कातर-मर्यादा ५०० मेगापास्कल धरली, तर १.१८ इंची शाफ्टला कायमचा पीळ बसू लागतो तो सुमारे २,६०० न्यूटन-मीटरला आणि १.३१ इंची शाफ्टला सुमारे ३,६०० ला.

यातून दोन गोष्टी दिसतात. टायर ३१ वरून ३३ वर नेल्याने ताण आठ टक्क्यांनी वाढतो. लॉकर बसवल्याने मात्र ताणाचे स्वरूपच बदलते. म्हणून ‘३३ इंची टायर लावले की ॲक्सल बदला’ हा प्रचलित नियम अपुरा आहे असे मला वाटते. नियम लॉकरला धरून हवा. आणि दुसरे, हा सगळा हिशेब सावकाश लावलेल्या जोराचा आहे. चाक हवेत वेगाने फिरत असताना अचानक दगडावर टेकले, किंवा मागचा भाग उड्या मारू लागला, तर क्षणभर येणारा धक्का याच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो.

खिंडीपलीकडे :

घन_व्यास, आपले आभार कसे मानावेत कळत नाही. लॉकर आणि टायर यांची मी मनात एकच मोट बांधली होती, ती आपण सोडवलीत.

मग एक विचारतो. डाना ३५ च्याच हाऊसिंगमध्ये ३० स्प्लाइनचे मिश्र पोलादाचे शाफ्ट आणि त्यांना जुळणारा लॉकर असे जे किट मिळते, त्याने शाफ्टचा प्रश्न सुटत नाही का? वेल्डिंग नको, ब्रॅकेट नकोत, प्रोपेलर शाफ्टला हात लावायला नको. शनिवार-रविवारी घरच्या गॅरेजमध्ये होण्यासारखे काम आहे.

सांधण :

शाफ्टचा प्रश्न सुटतो, यात शंका नाही. ज्यांना ३३ च्या पुढे कधीच जायचे नाही आणि वेल्डिंग करणारा भरवशाचा माणूस जवळपास नाही, त्यांच्यासाठी ते किट वाईटही नाही. पण क्राऊन-पिनियन त्याच साडेसात इंची आकाराचे राहते आणि नळ्याही त्याच राहतात. दणके खाऊन नळी जराशी वाकली की तेलाचे सील गळायला लागतात, टायर एका कडेने झिजतो, आणि कारण सापडेपर्यंत माणूस बेअरिंग बदलत बसतो. शिवाय किट, लॉकर आणि नवे क्राऊन-पिनियन यांची बेरीज केली की ती तयार केलेल्या ८.८ च्या आसपास जाऊन पोहोचते.

८.८ बद्दलही पूर्ण चित्र सांगतो. एक्स्प्लोररचा १९९५ ते २००१ मधला ॲक्सल घ्यावा, कारण त्याला मागे डिस्क ब्रेक असतात. चाकाच्या बोल्टचे अंतर जीपसारखेच, पाच बोल्ट साडेचार इंचांच्या वर्तुळावर, त्यामुळे चाके तीच चालतात. नळ्या सव्वातीन इंचांच्या. भंगारात तो काही शे डॉलरमध्ये मिळतो, आणि ही किंमत ऐकूनच बरेच जण फसतात, कारण खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. माझ्या वायजेला मागे पाटे आहेत, म्हणून मला पाट्यांच्या दोन बैठकी आणि शॉक ॲब्सॉर्बरचे कान एवढेच वेल्ड करावे लागले. आपल्या टीजेला कॉइल स्प्रिंग आहेत. वरचे आणि खालचे कंट्रोल आर्म, ट्रॅक बार, स्प्रिंगच्या वाट्या, शॉकचे कान, हे सगळे मोजून, कोन जुळवून बसवावे लागते. एखादा ब्रॅकेट पाव इंच चुकला तर गाडी रस्त्यावर तिरकी धावते.

आणि एक गोष्ट कोणी सांगो न सांगो, ती कराच. ८.८ च्या नळ्या मधल्या ओतीव भागात दाबून बसवलेल्या असतात आणि काही ठिपक्यांवरच वेल्ड केलेल्या असतात. खडकावरच्या ताणाने त्या ओतीव भागात फिरू शकतात. म्हणून नळीभोवती पूर्ण वेल्ड मारून घ्यावा लागतो. मधला भाग ओतीव लोखंडाचा असल्याने तो आधी तापवून, योग्य रॉड वापरून, आणि नंतर हळूहळू निववून हे काम करावे लागते. साध्या फाटकाची जाळी जोडणाऱ्याकडे हे देऊ नये.

८.८ मध्येही सी-क्लिपच आहे, हे मी लपवत नाही. मात्र शाफ्ट जाड असतो आणि डिस्क ब्रेकचा कॅलिपर चाकाला बाहेर सरकताना काही प्रमाणात अडवतो. ड्रमला ते जमत नाही.

रेवदंडा :

धागा फार उपयुक्त चालला आहे, म्हणून भारतातल्या वाचकांच्या दृष्टीने एक शंका विचारतो. आमच्याकडे घरची जुनी महिंद्रा सीजे-३बी आहे. तिच्या मागच्या ॲक्सललाही आमच्याकडचे मिस्त्री ‘फोर्टीफोर’च म्हणतात. मग अमेरिकेतले लोक ज्या ॲक्सलसाठी एवढा खर्च करतात, तो आमच्याकडे आधीपासूनच आहे असे समजावे का? आणि थारसारख्या नव्या गाड्यांत असा बदल करून घेणे शहाणपणाचे आहे का?

घन_व्यास :

आकडा तोच असला तरी वस्तू बरीच वेगळी आहे. विलीजच्या आराखड्यातल्या त्या जीपचा मागचा ॲक्सल स्पायसर ४४ घराण्यातला आहे खरा, पण त्याचा शाफ्ट बाहेरच्या टोकाला निमुळता असतो आणि हब त्यावर चावी घालून, मोठ्या नटने आवळून बसवलेला असतो. नट थोडा जरी सैल राहिला तरी सगळा जोर चावीवर येतो आणि खाच खराब होते. आपल्या गाडीत लॉकर घालण्यापूर्वी तो नट ठरलेल्या टॉर्कला आवळलेला आहे ना आणि चावीची खाच शाबूत आहे ना, हे आधी पाहून घ्यावे. इंजिन जुनेच असेल तर त्या ॲक्सलला घाबरण्याचे कारण नाही. त्यात मोठे डिझेल इंजिन बसवले असेल तर मात्र हिशेब नव्याने करावा.

थारबद्दल सांगायचे तर भारतात हा प्रश्न यांत्रिक होण्याआधी कायद्याचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपासून दूर जाणारा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे बंधन ठामपणे अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२क मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी काय म्हणेल, याचाही विचार करावा. दुसऱ्या गाडीचा ॲक्सल कापून-जोडून बसवण्याचा जो मार्ग अमेरिकेत सर्रास चालतो, तो इथे रस्त्यावरच्या गाडीसाठी मी सुचवणार नाही. ज्यांना लॉकर हवाच आहे त्यांनी तो कारखान्यातूनच बसवलेली गाडी घ्यावी. फोर्स गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक येतात, आणि २०२० नंतरच्या थारच्या काही प्रकारांत मागे आपोआप लागणारे मेकॅनिकल लॉक आहे.

माळरान :

मूळ प्रश्नाकडे परत येऊ. आतापर्यंत सगळे शाफ्टबद्दल बोलत आहेत, पण धागाकर्त्यांच्या गाडीतला खरा अडसर मला दुसराच दिसतो आणि तो म्हणजे ३.०७ हा रेशो.

३३ इंची टायर लावून ३.०७ वर ताशी ६५ मैलांनी पाचव्या गिअरमध्ये गेलात, तर इंजिन जेमतेम १,६०० फेऱ्यांवर चालेल. आयसेनहॉवर बोगद्याकडे जाताना, ११,१५८ फुटांवरच्या विरळ हवेत, तो पाचवा गिअर निरुपयोगी ठरेल आणि चौथाही कुंथत चालेल. खडकावर तर याहून वाईट. घन_व्यास यांनी काढलेला ३२ हा गुणाकार फार कमी आहे. एवढ्या कमी रेशोवर पायरी चढायची तर क्लच घसरवावा लागतो किंवा थोडा वेग घेऊन गाडी आपटावी लागते. शाफ्ट तुटतात ते या आपटण्याने. चांगला रेशो असलेली गाडी पायरीला टायर टेकवून, श्वास घेतल्याइतक्या वेगाने वर चढते, आणि तीच गोष्ट शाफ्टला वाचवते. कागदावर रेशो वाढवल्याने टॉर्क वाढतो हे खरे, पण टायर घसरण्याची मर्यादा तीच राहते आणि धक्के मात्र कमी होतात.

म्हणून ३३ इंची टायर घ्यायचे तर रेशो बदलणे भाग आहे. रेशो बदलायचा तर मागे आणि पुढे दोन्हीकडे बदलावा लागतो, नाहीतर फोर-व्हील ड्राइव्ह लावताच दोन ॲक्सल एकमेकांशी भांडतील. आणि ३.०७ च्या गाडीत डाना ३० आणि डाना ३५ या दोन्हींचे कॅरिअरही बदलावे लागते, कारण मोठ्या रेशोचे क्राऊन त्या कॅरिअरवर बसत नाही. म्हणजे मागच्या हाऊसिंगमधले सगळेच नवे येणार. मग जुन्या, बारीक हाऊसिंगमध्ये नवे सगळे भरण्यात काय अर्थ आहे? माझे आधीचे मत मी या एका अटीवर पुढे नेतो : ३१ वर थांबणार असाल तर काहीच करू नका, ३३ वर जाणार असाल तर डाना ३५ ला हात न लावता पूर्ण ॲक्सल बदला. मधली वाट सर्वांत महाग आहे.

सांधण :

माळरान यांचे शेवटचे वाक्य मला पूर्ण पटते, आणि त्याला जोडून खर्च वाचवण्याचा एक मार्ग सांगतो. एक्स्प्लोररचे काही ॲक्सल ४.१० रेशोचे येतात. हाऊसिंगच्या झाकणाच्या बोल्टला लावलेल्या पत्र्याच्या पट्टीवर रेशो ठोकलेला असतो. आकड्यांच्या मधे एल अक्षर असेल तर तो लिमिटेड स्लिप (चाकाचे फुकट फिरणे काही प्रमाणात रोखणारा) समजावा. दुसरीकडे, चार सिलिंडरच्या २.५ लिटर टीजेला पुढचा डाना ३० कारखान्यातूनच ४.११ चा येत असे. तो आपल्या गाडीला जसाच्या तसा बसतो. ४.१० आणि ४.११ मधला फरक पाव टक्क्याच्या आत आहे. पुढच्या-मागच्या टायरच्या झिजेत याहून जास्त फरक पडतो. म्हणजे दोन वापरलेले ॲक्सल आणले तर क्राऊन-पिनियन बसवण्याची मजुरी दोन्हीकडची वाचते, आणि त्या पैशात मागे हवेने लागणारा लॉकर येतो. ३३ इंची टायरवर ४.१० घेतले तर ६५ मैलांना इंजिन सुमारे २,१५० फेऱ्यांवर चालेल आणि लो मधला गुणाकार ४२ च्या पुढे जाईल.

डाना ४४ चांगल्या अवस्थेत आणि योग्य किमतीत मिळाला तर तो अवश्य घ्यावा. टीजेचेच ब्रॅकेट असल्याने वेल्डिंगची दगदगच नाही, फक्त प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते. पण त्याला इतकी मागणी आहे की तो शोधण्यात हंगाम निघून जातो.

घाटवाट :

मी आजवर नुसता वाचत होतो. काहीही ठरवण्यापूर्वी सध्याचे शाफ्ट एकदा बाहेर काढून पाहा, असे सुचवतो. काम अवघड नाही. गाडी स्टँडवर घ्या, चाके आणि ड्रम काढा, अंडाकृती झाकण उघडून तेल काढून टाका. डिफरन्शियलमधली आडवी पिन धरणारा छोटा बोल्ट सोडवून पिन बाहेर काढा, शाफ्ट आत ढकला, सी-क्लिप खाली पडेल, आणि मग शाफ्ट सरळ बाहेर ओढा. तो छोटा बोल्ट जपून सोडवा. तो तुटला तर अख्खा दिवस जातो.

शाफ्ट पुसून उजेडात धरा आणि स्प्लाइनला पोलादी पट्टी लावून पाहा. सगळ्या स्प्लाइन पट्टीला समांतर हव्यात. ओला पंचा पिळल्यासारख्या त्या कडेला वळलेल्या दिसल्या, तर शाफ्टला कायमचा पीळ बसला आहे असे समजावे. तेलात झाकणाच्या चुंबकाला लागलेला कीस मऊ, राखाडी असेल तर ती नेहमीची झीज. नखाला टोचणारे कण असतील तर क्राऊनचे दाते तपासावेत. सील बसते तिथे शाफ्टवर बोटाला लागणारी खाच असेल, तर बेअरिंगही शेवटाला आले आहे.

खिंडीपलीकडे :

घाटवाट यांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही शाफ्ट काढून पाहिले. डावीकडच्या स्प्लाइन सरळ आहेत. उजवीकडच्या स्प्लाइन क्लिपपाशी सरळ निघतात आणि बाहेरच्या टोकाकडे जाताना पट्टीपासून हळूहळू सुटतात. मधे पातळ कागद सरकवता येतो इतके अंतर दिसते. या गाडीत लॉकर कधीच नव्हता, तेव्हा हा पीळ मागच्या मालकाच्या काळातल्या एखाद्या धक्क्याचा असावा. तो शाफ्ट मी परत घातलेला नाही. त्याच्या जागी मूळ मापाचा नवा शाफ्ट आणि दोन्हीकडे नवी बेअरिंग-सील घातली आहेत. डाना ३५ वर होणारा हा शेवटचा खर्च; पण कुटुंब गाडीत बसणार असल्याने तो टाळणे शक्य नव्हते.

पुढचे असे ठरवले आहे. हा हंगाम ३१ इंची टायर आणि साध्या डिफरन्शियलवरच काढायचा, आणि माळरान यांच्या सूचनेप्रमाणे आधी विंच घ्यायची. हिवाळ्यात ४.१० चा ८.८ आणि चार सिलिंडरच्या जीपचा डाना ३० शोधायचा. ८.८ गाडीखाली न नेता स्टँडवरच तयार करता येईल, म्हणजे गाडी दरम्यान चालू राहील. ब्रॅकेट आणि नळ्यांचे वेल्डिंग मी स्वतः करणार नाही; ओतीव लोखंडाचे काम ज्याने केलेले आहे अशाच माणसाला ते देईन. लॉकर, रेशो आणि ३३ इंची टायर हे तिन्ही एकाच वेळी, नवा ॲक्सल खाली गेल्यावर.

मोजमापांबद्दल एक विचारायचे आहे. प्रोपेलर शाफ्ट आधी मागवून ठेवू की ॲक्सल बसल्यावर?

सांधण :

ॲक्सल बसल्यावरच. गाडी स्वतःच्या चाकांवर, नेहमीच्या सामानाच्या वजनासह उभी असताना ट्रान्सफर केसच्या तोंडापासून पिनियनच्या फ्लँजपर्यंतचे माप घ्यावे. ८.८ चा फ्लँज जीपच्या योकपेक्षा (प्रोपेलर शाफ्ट जोडणाऱ्या तोंडापेक्षा) वेगळा असल्याने जोडणीचा भाग त्यावर बसवून मगच मोजावे, नाहीतर तेवढ्या जाडीचा फरक राहतो. गाडी उंच करणार असाल तर ट्रान्सफर केसच्या मागचा सरकणारा योक काढून पक्का योक बसवण्याचे काम याच वेळी करून टाका. नंतर केले तर प्रोपेलर शाफ्ट पुन्हा नवा घ्यावा लागतो. पिनियनचा कोन ठरेपर्यंत वरच्या आर्मचे ब्रॅकेट फक्त टाक्यांवर ठेवायला सांगा, आणि पूर्ण वेल्ड कोन तपासल्यानंतरच मारून घ्या. हँडब्रेकच्या केबलची लांबी आणि मागच्या ब्रेकचा दाब, या दोन गोष्टी रिकाम्या मैदानावर तपासल्याशिवाय महामार्गाला लागू नका.

घन_व्यास :

लॉकर बसवताना क्राऊन नव्या कॅरिअरवर जाणार आहे, म्हणून एक जोडतो. जुनेच क्राऊन-पिनियन असले तरी दात्यांवरचा स्पर्श रंग लावून तपासून घ्यावा आणि मोकळीक मोजून नोंदवून ठेवावी. पहिल्या वेळी पंधरा-वीस मैल सावकाश चालवून गाडी पूर्ण निवू द्यावी, मग पुन्हा तसेच. आणि ५०० मैलांवर तेल बदलावे. तोपर्यंत मोॲबला जाऊ नये. आपण आता शाफ्ट तपासलेत तसे लॉकर लागल्यावरही दर हंगामाअखेर तपासत राहा. डावा शाफ्ट जुनाच आहे, निदान ८.८ बसेपर्यंत त्यावरही पट्टी लावून पाहत चला.